सायलेन्सरचा लेप

सुयशने नवी गाडी सासऱ्यांच्या दारात लावली आणि मागे जाऊन उकिडवा बसला. सायलेन्सरची दोन्ही स्टीलची तोंडं काळी पडली होती.

"पुण्याहून येईस्तोवर वाट लागली बघा, मामा. आरशासारखी चमकत होती."

"गाडी आहे ती, नवरी नाही," मेघा म्हणाली. "चल लवकर, खरी नवरी तिकडं वाट बघतीय."

लग्न बिडकीनला होतं. त्या रस्त्याला धूळ फार, म्हणून सुयशने गाडी इथंच ठेवली आणि दोघं मेघाच्या मामेभावाच्या जीपमध्ये बसली. बसता बसता मेघाने वडिलांना बजावलं, "बाबा, मागच्या महिन्यात दूध गॅसवर ठेवून तुम्ही टपरीवर जाऊन बसलात. आता आणखी एक जरी उद्योग केलात ना, तर मी विचारणार नाही. बॅग भरून सरळ पुण्याला नेणार."

कडुबांनी मान हलवली. पत्नी गीताबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली होती. स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा त्या ठेवून गेल्या तिथंच होता. पुण्याच्या घरातले डबे मेघाचे होते. कडुबांना इथंच राहायचं होतं आणि त्यासाठी आज फक्त एक करायचं होतं. काही करायचं नव्हतं.

अर्धा तास त्यांनी खरोखर काही केलं नाही. मग वाटलं, जावई एवढा हळहळला, तर ती दोन तोंडं तेवढी घासून ठेवावीत. घासणं म्हणजे काही उद्योग नव्हे. उलट आपण सगळं किती टापटीप ठेवतो, ते पोरीला दिसेल.

त्यांनी तारेची घासणी घेतली आणि परत ठेवली. चकचकीत भांड्याला तार लावली की गीताबाई ओरडत. मग साबणाचं पाणी, मग चिंचेचा कोळ, मग जुन्या बनियनचं मऊ फडकं. तासाभरात त्यात स्वतःचं तोंड दिसायला लागलं. चमक टिकावी म्हणून शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरवला.

शेजारच्या चंपाबाई कुंपणावरून बघत होत्या. "लई झ्याक झालं की, भाऊ! पण उपेग काय? पुण्याला जाईस्तोवर पुन्हा काळं. सारा धूर तिथूनच निघतो नं."

हे खरं होतं. कडुबा पायरीवर बसून विचार करू लागले. चुलीवर भांडं चढवण्याआधी गीताबाई त्याला बाहेरून राख-मातीचा लेप देत. काजळी बसायची ती लेपावर. लेप धुतला की खाली भांडं जसंच्या तसं. आणि सायलेन्सर म्हणजे तरी काय? आडवी चूलच.

माती मोगऱ्याच्या कुंडीत होती. राख मात्र सापडेना. गल्लीत सगळीकडे गॅस. चंपाबाईंची सून म्हणाली, "काका, ऑनलाइन मिळती ना राख. दोन दिवसांत पाकीट येतं." शेवटी कडुबा कोपऱ्यावरच्या कचरू इस्त्रीवाल्याकडे गेले. त्याच्या इस्त्रीत अजून कोळसा होता.

"कशाला पायजे, काका?"

"सायलेन्सरला लावायची."

कचरूने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मागितली त्याच्या दुप्पट राख दिली.

लेप कालवल्यावर कडुबांना शंका आली. चूल जागेवर असते, गाडी पळते. पुण्यापर्यंतच्या वाऱ्यात नुसती राख-माती टिकणार कशी? टाकीच्या कट्ट्याचं थोडं सिमेंट उरलं होतं. त्यांनी मूठभर घातलं. जावयाची गाडी, हात आखडता कशाला, म्हणून आणखी दोन मुठी घातल्या. धूर निघायला मधली वाट मोकळी ठेवली. तेवढं त्यांना कळत होतं.

दुपारी तीनला चंपाबाई पुन्हा आल्या. "अगं बाई! गाडीला माठ कुणी बांधले?"

"लेप हाय तो."

"सिमिटावानी दिसतंय."

"थोडं हाय."

"थोडंच व्हय? माझ्या न्हाणीला मिस्त्रीनं थोडंच लावलं व्हतं. धा वर्सं झाली, फरशी निघंना."

लेप टिकायचा विचार कडुबांनी केला होता, निघायचा केलाच नव्हता. पाणी मारलं, लेप आणखी पक्का झाला. लाटण्याने ठोकलं, लाटण्याला चीर गेली. हातोडी उचलायचा धीर होईना. तेवढ्यात मेघाचा फोन आला. सुयशला उद्या सकाळीच ऑफिसात बोलावलं होतं. दहा मिनिटांत पोचतो, लगेच निघायचं.

जीप दारात थांबली तेव्हा कडुबा गाडीच्या मागे पाय फाकवून उभे होते.

"मामा, जरा सरका. बॅग डिकीत ठेवतो."

"शीटवर ठेवा की. डिकीला कशाला तरास?"

"बाबा, उन्हात का उभे आहात?"

"बरं वाटतंय."

मेघाने त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं. सुयश गाडीमागे उकिडवा बसला.

"मामा, हे काय आहे?"

"लेप."

"कसला?"

"राख. माती."

"आन् सिमिट!" कुंपणावरून चंपाबाई म्हणाल्या.

मेघाने कपाळावर हात मारला. "झालं! बाबा, बॅग भरा. आत्ताच्या आत्ता."

दोन शर्ट आणि गीताबाईंचा फोटो पिशवीत घालून कडुबा मुकाट्याने मागच्या सीटवर बसले. आधी गॅरेज गाठायचं म्हणून सुयशने गाडी मुंगीच्या पावलांनी काढली. गल्लीच्या तोंडाशी नळासाठी खोदलेला चर होता. पुढची चाकं उतरली, मागची उतरली आणि पाठोपाठ दोन आवाज आले. खण्ण. खण्ण.

"गेला सायलेन्सर," सुयश म्हणाला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला.

तिघंही खाली उतरली. रस्त्यावर सिमेंटची दोन अख्खी कडी पडली होती. तेलाच्या हातावर लेप धरलाच नव्हता. वर सायलेन्सरची दोन्ही तोंडं अशी झळकत होती, की सुयशने वाकून त्यात आधी स्वतःचे केस नीट केले.

"मामा! शोरूममध्येसुद्धा अशी नव्हती हो! तुम्ही पुण्याला चलाच. आमच्या सोसायटीत चाळीस गाड्या आहेत, सगळ्यांची तोंडं काळी. मी सगळ्यांना सांगतो, आमचे मामा आलेत!"

कडुबांनी हिशेब केला. "चाळीस म्हणजे दोन गोण्या सिमिट लागंल."

मेघाने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे. त्या चाळीस गाड्यांच्या मालकांना ती रोज लिफ्टमध्ये भेटत होती. तिने सीटवरची पिशवी काढून वडिलांच्या हातात दिली.

"बाबा, तुम्ही इथंच बरे."

"पर तूच म्हणालीस..."

"मी येत जाईन ना दर महिन्याला. दुधाकडं तेवढं लक्ष ठेवा."

कडुबांनी जमेल तेवढा चेहरा पाडला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.