मनोरमाबाई पुण्याला उतरल्या नाहीत

२०२३ सालच्या ऑगस्टमधली ही गोष्ट. भाईंदरजवळच्या गोडदेवच्या मनोरमाबाईंनी घरात जाहीर केलं, "एका फेरीत दोन कामं करते. जाताना रेल्वेच्या काचेच्या डब्यातून घाट बघायचा, पुण्यात मुलगी बघायची आणि संध्याकाळी घरी येऊन कुकर लावायचा."

मुलगी बघायची होती कौस्तुभसाठी. कौस्तुभ त्यांचा एकुलता एक, पस्तिशीचा, काशीमीऱ्याच्या एका गोदामात मॅनेजर, स्वभावाने गरीब. आठ स्थळं "भाईंदर जरा लांब पडतं" म्हणून गेली होती. हे नववं. मनाली पुण्यात इस्पितळाच्या लॅबमध्ये होती. दोनला तिची ड्यूटी, म्हणून स्टेशनजवळच्या हॉटेलात साडेअकराला भेटायचं ठरलं. हेही हातचं गेलं तर सून घरात येईल ती आपल्या तसबिरीला हार घालायलाच, असं मनोरमाबाईंना वाटे.

डबा मात्र नामी होता. छताला काच, भिंतींना काच, खुर्च्या गरागरा फिरणाऱ्या. १९६३ साली त्या याच घाटातून ट्रंकेवर बसून गेल्या होत्या. तेव्हा मावशी प्रत्येक बोगद्यात त्यांची कानातली चाचपून बघायची. आता धबधबे डोक्यावरून जात होते आणि कानातली कुणी चाचपत नव्हतं.

पुणं आलं. सगळे उठले. त्यांचे यजमान दत्तारामरावही उठले.

"बसा खाली," मनोरमाबाई म्हणाल्या. "हीच गाडी सव्वातीनला परत जाणार ना? मग जागा सोडायची कशाला?"

"अगं, रिझर्वेशन आहे."

"असू दे. माणूस बसलेला दिसला पाहिजे."

बत्तीस वर्षं नोकरीला जाताना त्या भाईंदरहून आधी उलट विरारला जात, तिथे न उतरता बसून राहत आणि त्याच जागेवरून चर्चगेट गाठत. भाईंदरच्या निम्म्या बायकांनी असेच संसार केले. शेवटच्या स्टेशनावर उठतो तो बावळट, अशी त्यांची पक्की समजूत.

"आणि मुलगी?" कौस्तुभने विचारलं.

"तिलाच इथे घेऊन ये. हॉटेलात काय ठेवलंय? इथे एसी आहे."

कौस्तुभ गेला आणि वीस मिनिटांत मनालीला, तिच्या आईला म्हणजे नीलमताईंना आणि पाच चहा घेऊन आला. नीलमताई खुर्चीच्या अगदी टोकावर टेकल्या. मनोरमाबाईंनी विचारलं, "स्वयंपाकात काय काय येतं?" आणि गाडी हलली.

"आई गं, गाडी निघाली," नीलमताई म्हणाल्या.

"छे हो, थोडी मागेपुढे करतात."

थोडी मागेपुढे करत गाडीने फलाट सोडला, सिग्नल सोडले आणि ती यार्डात जाऊन उभी राहिली. एसी बंद पडला. मग चारी बाजूंनी पाणी सुरू झालं, छतावर, काचांवर, साबणासकट.

"एवढं तर घाटातही नव्हतं," कौस्तुभ पुटपुटला.

फेसातून एक चेहरा काचेला चिकटला. मग दार उघडलं. गाड्या धुणारा राघो होता तो.

"ओ आजी, हे यार्ड हाय. हितं काय करताय?"

"मुलगी बघतोय," दत्तारामराव म्हणाले. विचारलं की खरं सांगायची त्यांना सवय होती.

राघोने मनालीकडे पाहिलं. "बघितली न्हवं? मग उतरा."

उतरायला फलाट नव्हता. राघोने शिडी लावली. नीलमताई रेशमी साडी सावरत उलट्या उतरल्या आणि प्रत्येक पायरीवर म्हणाल्या, "या घरात मुलगी देणार नाही." चार पायऱ्या, चारदा. मनोरमाबाईंचा चेहरा पडला. नववं स्थळही गेलं.

खडीवरून चालताना मनालीने कौस्तुभला विचारलं, "तुम्हीपण अशीच जागा धरून बसता का?"

"नाही. मी उभ्यानेच जातो. जागा आईची असते."

मनाली हसली. ड्यूटीला ती पाऊण तास उशिरा पोचली.

सव्वातीनच्या गाडीत मनोरमाबाई धावतच शिरल्या. त्यांच्या तिन्ही जागा रिकाम्या होत्या. अर्धा डबाही रिकामाच होता.

मनालीने आईला आठवड्यात वळवलं. लग्नाला राघो आला आणि दोन पंगतींना जेवला. नीलमताई विहिणीशी अजूनही मोजकंच बोलतात. दत्तारामराव हल्ली शेवटच्या स्टेशनाच्या आधीपासूनच दारात उभे असतात. मनालीने लॅब सोडली नाही, तेव्हा कौस्तुभनेच पुण्याजवळ चाकणला नोकरी धरली. गोडदेवची आतली खोली मनोरमाबाईंनी सुनेसाठी आकाशी रंगवून घेतली होती. तिथे आता दत्तारामराव दुपारचे झोपतात.