मुद्देमालाचा रस्सा

बिरदेवने नळी चोखून ताटात ठेवली आणि सहज विचारलं, "कोंबडा कुठनं आणला?"

"आनायचा कुठनं? दारातच तर हुता," त्याची बायको आक्काबाई म्हणाली.

बिरदेवच्या घशात रस्सा अडकला. त्या कोंबड्यावरून शेजारची द्वारकाबाई आणि सोपान यांची केस चालू होती. दोघंही तो आपलाच म्हणत. म्हणून पोलिसांनी तो जप्त करून, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या बिरदेवकडे सांभाळायला दिला होता. कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन, असं त्याने सहीनिशी लिहून दिलं होतं. आता हजर करायला पिसं तेवढी उरली होती. पण डाळज गावचा तिचा दादा अचानक आला तर त्याला काय पिठलं वाढायचं, असं आक्काबाईचं म्हणणं.

आठवड्याने इंदापूरच्या कोर्टाचं बोलावणं आलं आणि बिरदेवचं अन्न तुटलं. पोलीस पाटील आबाजींना त्याने आडून विचारलं, "समजा, येकाद्यानं मुद्देमाल खाल्ला तर?"

"आत जाईल," आबाजी शांतपणे म्हणाले. "का वो?"

"न्हाय, असंच."

मग त्याने निमगावचा बाजार पालथा घातला. तांबडा कोंबडा मिळाला. पण जुना एका डोळ्याने आंधळा होता, आणि तसला कोंबडा कुणी विकायला आणत नाही. हा दोन्ही डोळ्यांनी टकाटका बघत होता. एस्टीत कोंबड्याची झाकलेली पाटी मांडीवर घेऊन बिरदेव इंदापूरपर्यंत खंडोबाचा धावा करत राहिला.

कोर्टात पाटी उघडली. न्यायाधीशबाईंनी द्वारकाबाईला विचारलं, हाच का तो कोंबडा?

द्वारकाबाईने वाकून पाहिलं. बिरदेवने डोळे मिटले.

"ह्योच," ती म्हणाली. "पिल्लापासनं वाढीवलाय मी."

"खोटं हाय, बाईसाहेब," सोपान पुढं सरला. "ह्यो माजा. डोळ्यांवरनं वळकतो मी त्याला."

दोघंही शपथेवर अडून बसले. न्यायाधीशबाईंनी बिरदेवचं कौतुक केलं. इतक्या काळजीने कोण सांभाळतं? निकाल लागेपर्यंत कोंबडा त्याच्याकडेच राहील, असं त्यांनी सांगितलं. बिरदेवने पुन्हा सही केली.

घरी आक्काबाईने पाटीत डोकावलं आणि तिचा चेहरा खुलला.

"बरं झालं आणला," ती म्हणाली. "रविवारी दादा परत येतोय."