सर्वांस प्रवेश बंद

आमच्या शेजारच्या निकमकाकांकडे वाटीभर साखर मागायला गेलं, की आधी चिठ्ठी लिहावी लागते. नाव, वस्तू, नग, कारण. कारणाच्या रकान्यात मी एकदा 'चहा' लिहिलं, तर काका म्हणाले, "चहाला वाटी कशाला? दोन चमचे मंजूर." उरलेली साखर काकूंनी मागच्या गॅलरीतून दिली. काकू नसत्या तर या माणसाकडे कुणी फिरकलं असतं की नाही, मला शंकाच आहे.

काका सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. पस्तीस वर्षं त्यांच्या सहीशिवाय तिथून एक वॉशर हलला नाही. निवृत्त झाले आणि घराचंच स्टोअर करून टाकलं. स्वस्थ बसणं त्यांना ठाऊक नाही. बोलता बोलता उठतात, कपाटाचं कुलूप ओढून बघतात, परत बसतात आणि आपण काय सांगत होतो ते समोरच्यालाच विचारतात.

कॉम्प्युटर आला आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं. घरात माणसं दोन, पण कॉम्प्युटरवर खाती तीन. एक काकांचं, एक काकूंचं, एक 'पाहुणे'. काकूंना पत्ते खेळायची आणि पाककृती बघायची मुभा. "शिस्त पायजे," काका म्हणायचे. "आधी सगळ्यांना बंद. मग ज्याला लागंल त्याला उघडा."

गेल्या मंगळवारी सकाळी मी ऑफिसला निघालो, तर काका दारात. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. हातात चिठ्ठी. वस्तू: फोल्डर. नग: एक. कारणाचा रकाना कोरा.

"काल संध्याकाळपासून उघडत नाय," ते म्हणाले. "चला लवकर. ही भाजीला गेलीय, यायच्या आत झालं पायजे."

मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून. कॉम्प्युटरचं ज्ञान बेताचंच, पण वासरांत लंगडी गाय शहाणी. जाऊन बघितलं, तर पडद्यावर एकच उत्तर: तुम्हाला परवानगी नाही. घोळ सापडायला फार वेळ लागला नाही. परवानग्यांच्या यादीत 'सर्वजण' असं नाव घालून काकांनी त्यापुढच्या मनाईच्या सगळ्या चौकटींत खुणा केल्या होत्या.

"काका, सर्वजणांत तुम्हीपण आलात."

"मी कसा येईन?" त्यांना खरंच कळेना. "स्टोअरच्या दारावर पाटी होती, सर्वांस प्रवेश बंद. रोज तिच्याखालनंच आत जायचो की मी. आन् इथं तर खाली माझं नावबी घातलंय."

"कॉम्प्युटर मनाई आधी बघतो."

मला हसू आवरेना. काका मात्र खोलीभर येरझारा घालत होते. खिडकी, खुर्ची, पुन्हा खिडकी. "दुकानवाला फोनवर म्हणला, सगळं पुसून नवं टाकू. पुसून म्हणे."

"एवढं आहे तरी काय त्यात?"

ते खिडकीशीच थांबले. "हिचं गाणं," म्हणाले.

काकू भाकरी थापताना गायच्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कुणी ऐकतंय असं कळलं की लगेच गप्प व्हायच्या, हेही माहीत होतं. म्हणून काका पिठाच्या डब्यामागे फोन ठेवून ते गुपचूप टिपून घेत. दिवाळीनंतर काकूंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज बसला तो बसलाच. गाणं थांबलं. मग काकांचा तो जुना फोनही बिघडला. उरलं ते एवढ्या फोल्डरमध्ये, आणि ते काकूंच्या हाती लागू नये म्हणून काकांनी काल हा पक्का बंदोबस्त केला होता.

माझं हसू पळालं. आधी फोल्डरची मालकी घेतली, मग मनाईची ओळ काढली, मग आतल्या प्रत्येक फायलीला तेच लागू केलं. हिरवी पट्टी सरकत होती आणि काका माझ्या खुर्चीची पाठ धरून मला गदागदा हलवत होते. पट्टी मध्येच अडकली तेव्हा त्यांनी देवाचं नाव घ्यायचं सोडून कारखान्यातल्या जुन्या मॅनेजरला शिव्या घातल्या.

फोल्डर उघडलं. आत शेकडो फायली, तारीखवार, आणि पुन्हा तीन गट केलेले: ज्वारी, बाजरी, नागली. काकांनी नागलीतली एक लावली. थापण्याचा आवाज, बांगड्या, आणि त्यावरून काकूंचा गळा, बारीक, स्वच्छ. काका बसले. इतकी वर्षं ओळखतो, पण त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मला फार वाईट वाटलं.

"आता यादीत हिचं नाव घाला," ते म्हणाले. "ऐकायची परवानगी द्या. पुसायची नको. लाजंल आन् सगळं पुसून टाकंल."

मी नाव घालत होतो, तेवढ्यात काकू आल्या. पिशवी हातात धरून दारातच उभ्या राहिल्या. गाणं चालूच होतं.

"कधीपासून चाललंय हे?" त्यांनी त्या बसलेल्या आवाजात विचारलं.

"अकरा वर्षं."

"मग बोलला नाहीत ते?"

"बोललो असतो," काका म्हणाले, "तर गायली असतीस का?"

काकूंनी पिशवी खाली ठेवली. खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "पुढचं लावा."