भाजणीच्या राज्यावर मंदी आली त्या सालची हकीकत

श्री अन्नपूर्णा सहाय. साहेबांची आज्ञा जाहली की, मंदीचे साली राज्य कैसे तगले ते खरे खरे लिहावे, कोणाची भीड धरू नये. सेवक फडावर हिशेब पाहतो, त्यास सर्वांचीच भीड. तथापि आज्ञा मोडवत नाही म्हणोन लिहितो.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, श्रावणमासी वर्तमान ऐसे जाहले. राज्य भाजणीचे. थालीपिठाची भाजणी, उपासाची भाजणी आणि मेतकूट ऐसे तीन सुभे. राज्यास दार नाही, पायरी नाही, गल्ला नाही. गिऱ्हाइकाने आपले घरी बसोन मोबाइलवर बोट ठेवावे आणि भाजणीने कुरिअरवर स्वार होऊन त्याचे दारी जावे, ऐसा कारभार. गादीवर श्रीमंत हेरंबराव. मूळचे इंजिनियर, परंतु साहेबाची बोलणी सोसवेनात म्हणोन नोकरी सोडिली आणि राज्य स्थापिले. भाजणीचे प्रमाण मातोश्री वत्सलाबाईसाहेब यांचे, आणि मागील गाळ्यात सात बायका चुलींपुढे बसोन भाजीत, त्यांत मुख्य इंदुताई. राज्य या सात जणींचे हातावर उभे आहे ऐसे श्रीमंत दसऱ्याचे भाषणात बोलत, आणि ते खरेही होते.

मग मंदी आली. ती कोठून आली हे कोणास सांगता येईना. कोणी म्हणे समुद्रापलीकडून आली, कोणी म्हणे पूर्वीपासून येथेच होती, आता वर्तमानपत्रात आली. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, ज्यांच्या राहिल्या त्यांचे पगार अडकले, आणि जो तो भाजणी घरीच भाजू लागला. ऑर्डरी निम्म्यावर आल्या. मग श्रीमंतांनी मसलतीस दवंडीनवीस कौस्तुभपंत यांस पाचारण केले. हे पंत जाहिरातीचे कामदार. यांची दवंडी ढोल घेऊन गल्लीत फिरत नाही, लोकांचे मोबाइलमध्ये शिरून पिटली जाते, आणि जो कोणी तीवर बोट दाबील त्याच्या प्रत्येक दाबण्याचे दाम आपले खजिन्यातून जावे ऐसा करार होता. दाबणारा माल घेवो अथवा न घेवो.

पंत कॉफी घेऊन बोलिले, "साहेब, मंदीत सगळे आधी जाहिरात कापतात. आपण चालू ठेवली तर मैदान आपलंच. आणि आकडे तर बघा, लोक तुटून पडलेत आपल्या जाहिरातीवर." ऐसे म्हणोन आलेख दाखविला, तो जिन्यासारखा वर चढत होता. श्रीमंत पुसते जाहले, "एवढे येतात, मग घेत का नाहीत?" पंत म्हणाले, "विचार करतायत. मंदीत माणूस फार विचार करतो. अजून थोडा जोर लावू." मग जोर लाविला आणि आलेख आणखी चढला आणि खजिना उतरला, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जोर लाविला. अखेरीस सेवकाने अर्ज केला की, दवंडी आणि पगार दोन्ही चालणे नाही, एक काय ते ठरवावे. श्रीमंतांस अन्न गोड लागेना. दवंडी बंद करावी तर इतके लोक ज्या राज्याकडे पाहत आहेत ते अंधारात जाईल. म्हणोन काळजावर दगड ठेवोन निर्णय केला की, नवरात्रापूर्वी सातांतील चौघींस निरोप द्यावा.

मग गाळ्यात सर्वांस जमविले. श्रीमंत उभे राहिले, घसा खाकरला आणि मंदीचे वर्तमान सांगोन चौघींची नावे घेतली. इंदुताईंचे नाव त्यांत नव्हते, तरी त्याच उठोन म्हणाल्या, "साहेब, कमी करायचं तर करा, तुमचा नाइलाज आहे. पण ह्या चौघींनी सकाळचं दाबायचं काम चालू ठेवायचं का तेवढं सांगा."

"कसलं दाबायचं?" श्रीमंत म्हणाले.

"जाहिरात. आईसाहेबांनी सांगितलंय ना, हात धुवायचे, देवाला नमस्कार करायचा, जाहिरात दाबायची आणि मग चुलीशी बसायचं. घरी मालकांना आणि पोरांनाही लावलंय आम्ही. माझी सासू तर दिवसातून चारदा दाबते, तिला दुसरं काम नाही."

मग श्रीमंतांनी मातोश्रींकडे पाहिले. मातोश्रींचे मुखावर तेज होते. म्हणाल्या, "नुसत्या ह्याच नाहीत रे. माझं भजनी मंडळ आहे, भिशी आहे, तुझी आत्या आहे, सांगलीची सगळी मंडळी आहेत. जाहिरात कुणी बघत नाही म्हणून तू तोंड पाडून बसायचास. मला बघवेना."

"पण आई, यांतल्या कुणी विकत घेतली?"

"आपली माणसं विकत कशी घेतील? जी रोज दाबते तिला अर्धा किलो मीच पाठवते."

तेव्हा सेवकास उमगले की, दोन महिने नमुना म्हणोन ज्या गोण्या बाहेर जात होत्या त्या कोठे जात होत्या. कौस्तुभपंतांचा घाम निघाला. त्यांनी हळूच खुलासा केला की, यंत्राचा स्वभाव ऐसा आहे, जो दाबतो त्याचेच दारी दवंडी पुन्हा जाते, आणि त्याचे सोयऱ्यांचे दारीही जाते. म्हणजे राज्याने सर्व खजिना वेचोन आपली कीर्ती आपल्याच घरात पसरविली होती.

इंदुताई म्हणाल्या, "म्हणजे आमचा पगार आम्हीच रोज सकाळी हात धुऊन दाबत होतो."

मातोश्री हरभऱ्याचे डाळीचे पोत्यावर बसल्या आणि त्यांस रडू आले. म्हणाल्या, "मला वाटलं, दाबलं की तुला पैसे मिळतात." मग श्रीमंत त्यांचे शेजारी पोत्यावर बसले आणि म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही आई. एवढी माणसं आली कुठून, हे मीच विचारायला हवं होतं." सेवकास त्या वेळी श्रीमंतांचे फार वाईट वाटले, हे लिहिण्यास हरकत नाही.

मग तेथेच हुकूम जाहला की, चौघींचा निरोप महिनाभर तहकूब. दवंडीचे दाम पगारास लावावे. आणि एकच लहान दवंडी ठेवावी, ती ऐशा गावी पिटावी जेथे आपले नात्यातले कोणी नाही. महिन्यात अनोळखी गिऱ्हाईक आले तर चौघी राहतील, न आले तर राज्यच आवरावे. मग नकाशा मांडिला आणि गावाचा शोध सुरू जाहला.

"नाशिक?"

"तुझी मावशी."

"सोलापूर?"

"मावशीचे व्याही."

"परभणी?"

"माझी शाळेतली मैत्रीण. तिनं तर अख्खी सोसायटी दाबायला लावलीय."

ऐसे करिता दिवे लागणीची वेळ जाहली. अखेर श्रीमंतांनी नकाशाचे पूर्व टोकास बोट नेले आणि गोंदिया म्हणाले. मातोश्री बराच वेळ आठवत राहिल्या. "गोंदियात नाही बाई कुणी. एक होती, तिची बदली झाली." तेव्हा गोंदियाची मोहीम ठरली. सर्व सोयऱ्यांस फोन गेले की, आता दाबू नका, विकत घ्या. त्यावर आत्याबाई रुसल्या आणि नात्यातले कित्येक लोक व्हॉट्सअ‍ॅपचे समूहातून निघोन गेले. दुसरे दिवशी आलेख भुईसपाट जाहला. श्रीमंत तो पाहोन म्हणाले, "निदान खरा तरी आहे."

कित्येक दिवस काही घडले नाही. चुली अर्धा दिवस पेटत आणि बायका उरल्या वेळी डाळी निवडून निवडून पुन्हा निवडीत. मग एके दुपारी ऑर्डर आली. रजनी बिसेन, मुक्काम गोंदिया, थालीपिठाची भाजणी, अर्धा किलो. श्रीमंत मोबाइल घेऊन गाळ्यात धावत गेले आणि नाव मातोश्रींपुढे धरिले. मातोश्रींनी चष्मा लावोन वाचले, आत्याबाईंस रुसवा सोडोन फोन केला, सांगलीस केला, व्याह्यांस केला. मग चष्मा काढोन म्हणाल्या, "या नावाचं आपल्यात कुणी नाही."

तेव्हा श्रीमंतांचे डोळे भरून आले. अर्ध्या किलोची ती पेटी सात जणींनी मिळोन बांधिली, आणि कुरिअरवाला म्हणाला की आत काय काचेचे आहे काय.

महिना भरता बिसेनबाईंनी पुन्हा मागविली आणि शेजारणीस सांगितले, शेजारणीने भंडाऱ्यास बहिणीस सांगितले, आणि चौघींचे निरोपाचे कागद श्रीमंतांनी त्यांचे समक्ष चुलीत घातले.

तात्पर्य, मंदी अद्याप आहे, राज्यही आहे, थोडके आहे. सातही चुली पेटतात. आणि मातोश्रींस व समस्त सोयऱ्यांस सक्त ताकीद आहे की, घरातील कोणाही मुलामुलीसाठी गोंदियाचे स्थळ पाहू नये.