बस्त्यात गेलेला माऊस

"माऊस निवडावा तर मीच! नुसता हातात घेतला की कुंडली सांगतो त्याची!" हे निवृत्तीचं ठरलेलं वाक्य.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा माऊसचं एवढं काय? तर ऐका. मलकापूरपासून हाकेच्या अंतरावरचं त्याचं गाव. कॉम्प्युटरवर गोळ्या झाडायच्या खेळात त्या अख्ख्या पट्ट्यात निवृत्तीचा हात धरणारा कुणी नव्हता! हेही निवृत्तीच सांगायचा. रविवारी चार वाजता मलकापुरात चषकाची फायनल होती, आणि शुक्रवारी सरावाला बसताच त्याच्या माऊसनं मान टाकली. हात फिरवून फिरवून मनगट दुखलं, पण पडद्यावरचा बाण जागचा हलेना! डबक्यात बसलेल्या म्हशीसारखा!

टीमचा कॅप्टन सौमित्र म्हणाला, "उलटापालटा करून पाह्य ना बे एकदा."

"डॉक्टर नाडी पाहून सांगते लेका, पोट फाडून नाही! सेन्सर उडला याचा. खतम!"

आणि मोठ्या दिमाखात त्यानं तो माऊस शेजारच्या काजलच्या हातावर ठेवला. काजलला हा खेळ त्यानंच शिकवला होता. अलीकडे ती त्याला रोज हरवायची, पण तो विषय निवृत्ती काढत नसे.

"घे. माही आठवण म्हणून शोकेसमधी ठेव."

"शोकेस नाही आमच्याकडे," काजल म्हणाली. "फ्रिजवर ठेवीन."

सौमित्र मात्र गंभीर. "निवऱ्या, रविवारी चारले नव्या माऊससगट हजर पाहिजे. नाहीतर तुह्या जागी काजल खेळीन."

"मी? उशिरा? काय बोलून राह्यला बे! उद्या आम्ही मलकापूरलेच चाललो. पाच मिनिटांचं काम हाये!"

पाच मिनिटं! शनिवारी निवृत्तीच्या मोठ्या बहिणीचा, मंजूताईचा, बस्ता होता. बस्ता म्हणजे नवरी-नवरदेवाच्या दोन्ही घरची माणसं कापडदुकानाच्या एकाच गादीवर बसणार, एकमेकांनी निवडलेल्या साड्यांना हळूच नाकं मुरडणार, मोठ्यानं "छान हाये, छान हाये" म्हणणार आणि संध्याकाळी गाठोडी बांधून घरी जाणार. सोनाळ्याहून नवरदेव अनंतराव, त्याचे वडील पुंजाजी आणि आई अन्नपूर्णाबाई सकाळीच येऊन बसले होते. इकडून निवृत्तीचे वडील किसनराव, मंजूताई आणि सगळ्यांत पुढं विमलआत्या!

विमलआत्या म्हणजे घरच्या नजर-खात्याची मंत्री. नव्या ट्रॅक्टरला काळी बाहुली तिनं बांधली. दुभत्या म्हशीला काळा दोरा तिचाच. कुणी घरी येऊन "पिंटूचं वजन वाढलं बरं" म्हणालं, की पाहुणा चपला घालायच्या आत त्या पोराच्या गालावर तीट!

"मी समोरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून आलोच," म्हणून निवृत्ती उठला.

"एकटा?" आत्या गरजली. "बस्त्याच्या दिवशी एकट्यानं खरेदी करत असते काय रे? चला हो सगळे!"

आणि सगळे उठले! चहाचे कप हातात घेऊन उठले! रस्ता ओलांडून ही वरात कॉम्प्युटरच्या दुकानात शिरली तेव्हा दुकानदाराला वाटलं, मोर्चाच आला!

"गादी नाही काय बसाले?" अन्नपूर्णाबाईंनी पहिला प्रश्न टाकला.

गादी नव्हती. मग विहीणबाई प्रिंटरच्या खोक्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "दाखवा. आधी भारीतला दाखवा, मग खाली उतरू."

दुकानदारानं पांढरा काढला. "मळते!" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. लाल काढला. पुंजाजींनी तो बोटानं घासला, मग धोतराला बोट घासून पाहिलं. "रंग जाते काय याचा?" बिनवायरचा काढला तर किसनराव हबकले. "दावं कुठी हाये याचं? बिनदाव्याचं जनावर घरी राहते काय?"

"बाबा, ते वायरलेस असते! सव्वीस हजार डीपीआय हाये, बाण नुसता पळते!"

"ते राहू दे. सोडून गेल्यावर शोधाले कोण जाईन?"

निवृत्तीची नजर मात्र कपाटातल्या एकावरच खिळली होती. काळा, वायरवाला, तोही सव्वीस हजार डीपीआयचा, पाठीवर जाळीसारखी भोकं! हलका असा, की हातात आहे हेच कळू नये! त्यानं तो उचलला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हाच!"

आत्यानं पुढं होऊन त्या भोकांत करंगळी घातली.

"काऊन जी," ती दुकानदाराला म्हणाली, "कसरीनं खाल्लेला माल देता काय पोराले?"

"मावशी, डिझाईनच हाये ते. वजन कमी व्हावं म्हणून."

"वजन कमी करून भाव कमी केला काय मग?"

"उलट जास्त हाये."

"अव माय!" आत्या मागं सरकली. "कापड कमी अन् भाव जास्त! आजकालच्या ब्लाऊजसारखंच हाये हे!"

खूप हुज्जत झाली. पुंजाजींचं मत, वस्तू कशी वरवंट्यासारखी हातात भरली पाहिजे! शेवटी अनंतराव, जो तोपर्यंत चकार शब्द बोलला नव्हता, हळूच म्हणाला, "मस्त हाये तो." होणारे जावई बोलले! विषय संपला! भोकांचा माऊस पक्का झाला, आणि खोकं आत्यानं स्वतःच्या पिशवीत घातलं. "तू हरवशीन," म्हणून.

संध्याकाळी घरी आल्यावर निवृत्तीनं आत्याची पिशवी उघडली. आत केळी, एक नारळ आणि कुणाचा तरी चष्मा.

"आत्या! माऊस?"

"ते डब्बं होय? पिशवीत केळी चेंदून राह्यली होती, म्हणून जावयाच्या सुटावर ठेवलं. घडी बी मोडली नाही पाहिजे ना त्याची." मग तिचा हात गालावर गेला. "अव माय! तसंच बांधलं काय त्याइनं? मी हळद-कुंकू बी वाहिलं त्याच्यावर!"

म्हणजे माऊस सोनाळ्याला! नवरदेवाच्या गाठोड्यात! आणि दोन्ही घरची रीत अशी, की बांधलेला बस्ता देवापुढं ठेवायचा आणि त्याची गाठ हळदीच्याच दिवशी सोडायची. हळदीला अजून पंधरवडा होता. फायनल उद्या!

"हळदीआधी गाठ सोडाचं नाव बी काढू नको!" किसनरावांनी दम भरला. "इज्जतीचा सवाल हाये!"

पण निवृत्ती कसला ऐकतो! त्यानं प्लॅन आखला. सकाळी मोटारसायकलनं सोनाळा गाठायचं. गोडीगुलाबीनं गाठ सोडवून घ्यायची. चारच्या आत परत. घरी सांगायचं, सौमित्रकडे चाललो. इतका साधा प्लॅन, की चूक व्हायला जागाच नाही!

सोनाळ्याला पोचला तेव्हा पुंजाजी ओट्यावर पानाला चुना लावत होते. नवरीचा भाऊ, एकटा, घामाघूम, न कळवता दारात! चुना पानाऐवजी अंगठ्यालाच लागला.

"या, या पाहुणे! सगळे बरे हायेत ना घरी?"

"बरे हायेत. फक्त..." माऊससाठी आलो हे सांगायची ऐन वेळी निवृत्तीला लाज वाटली. "फक्त तो कालचा बस्ता थोडा सोडा लागते."

अन्नपूर्णाबाई पाण्याचा तांब्या घेऊन येत होत्या. त्या दारातच थबकल्या.

"सोडा लागते? काऊन?"

"म्हणजे निवड चुकली नाही हो! निवड चांगलीच हाये. पण ते जिथं जायला पाहिजे होतं, तिथं नाही गेलं."

"कोणाची निवड?" पुंजाजी पान तसंच ठेवून उठले. "किसनरावाइले माहीत हाये काय तुम्ही आले ते?"

"नाही, नाही! त्याइले अजिबात सांगू नका!"

झालं! तांब्या खाली पडला. पोरीनं लपून भाऊ पाठवला! लग्न मोडलं! अन्नपूर्णाबाई मटकन खाली बसल्या. शेजारणी धावल्या. कुणी कांदा फोडून नाकाला लावला. आतून अनंतराव अर्धी दाढी केलेला, अर्ध्या गालाला फेस, तसाच बाहेर आला आणि म्हणाला, "मले सांगा, माह्यात काय कमी हाये?"

"भाऊजी, तुमच्यात काहीच कमी नाही! तुम्ही बसा!"

"मग मंजुश्री फोन काऊन नाही उचलून राह्यली?"

मंजूताई न्हायला गेली होती, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? निवृत्ती "माऊस, माऊस" म्हणत होता, पण त्या कल्लोळात त्याचं कोण ऐकतंय? पुंजाजींनी किसनरावांना फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "व्याहीबुवा, आमचं काय चुकलं ते तोंडावर सांगाचं होतं." आणि ठेवला!

मग काय! किसनरावांनी जीप अशी हाणली म्हणता, की नांदुऱ्यात एकाची टोपी आणि जळगाव-जामोदात दुसऱ्याची कोंबडी थोडक्यात वाचली. शेजारी आत्या, मागं ओले केस घेऊन मंजूताई. ते पोचेपर्यंत निवृत्ती ओट्यावर मधोमध बसलेला, चारी बाजूंनी गाव, समोर कुणी न प्यालेला चहा. घड्याळ पुढं पळतंय!

"काय केलं बे तू?" किसनराव जीपमधूनच ओरडले.

"माऊस!" निवृत्ती जीव खाऊन ओरडला. "माहा माऊस भाऊजीच्या गाठोड्यात हाये! मले फक्त माऊस पाहिजे! लग्न चालू ठेवा!"

अंगणाच्या कडेनं कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि अख्खा ओटा हसायला लागला. अन्नपूर्णाबाई रडत रडतच हसल्या. अनंतराव आत जाऊन उरलेली दाढी करून आला.

पण गाठ? "पाच सवाष्णी लागतीन," अन्नपूर्णाबाईंनी ठरवलं. चार लगेच मिळाल्या. पाचवी वावरात कापूस वेचायला गेलेली! तिला आणायला निवृत्तीनंच मोटारसायकल काढली. ती आली, हातपाय धुतले, जरीचं पातळ नेसली, "घाई कायची हो?" म्हणत कुंकू लावलं. गाठ सुटली. सुटावर हळदीनं पिवळं झालेलं खोकं! निवृत्तीनं झडप घातली.

"थांब!" विमलआत्या. "देवापुढची वस्तू हाये. त्याच्यावर हळद-कुंकू पडलं. परत नेत असते काय? अपशकुन! आता तो जावयाचा मान."

"आत्या!"

"घ्या, घ्या, घेऊन टाका!" किसनराव म्हणाले. लग्न टिकलं या आनंदात त्यांनी जीपसुद्धा देऊन टाकली असती.

खोकं उघडलं. आत्यानं माऊस हातात घेतला, उलटासुलटा केला, जरा पाठमोरी झाली, कडाकड बोटं मोडली आणि अनंतरावाच्या हाती दिला. अनंतराव शाळेत क्लार्क. आता पोरांच्या फिया तो सव्वीस हजार डीपीआयनं भरणार! बदल्यात निवृत्तीला टॉवेल, टोपी आणि नारळ मिळाला.

मलकापूरच्या हॉलवर तो पोचला तेव्हा खुर्च्या गोळा करणं चालू होतं. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ! सौमित्र आणि पोट्टे काजलला खांद्यावर घेऊन नाचत होते.

"जिंकलो बे निवऱ्या! काजलनं एकटीनं झोडपले!"

"कोणत्या माऊसनं?"

"तुह्याच," काजल वरूनच म्हणाली. "फ्रिजवर ठेवता ठेवता उलटा केला, तर सेन्सरवर हे चिकटेल होतं." तिच्या बोटाच्या टोकावर एक काळी टिकली!

निवृत्ती तडक घरी. "मंजूताई! तुही टिकली माह्या माऊसले..."

"तिची नाही, माही हाये ते," आत्या शेंगा सोलता सोलता म्हणाली. "गुरुवारी जिंकून आला अन् गल्लीभर सांगत सुटला. नजर लागीन नाही काय? वर लावली असती तर तू काढून फेकली असती. म्हणून पोटाखाली लावली."

निवृत्तीनं कपाळावर हात मारला, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अनंतराव!

"साळेबुवा, तुमचा माऊस घरच्या लॅपटॉपले लावला, तर बाण हलूनच नाही राह्यला."

निवृत्तीनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं आढ्याकडे पाहिलं. निवृत्तीच्या डोक्यात एकदम ट्यूब पेटली!

"भाऊजी," तो दुःखी आवाजात म्हणाला, "सेन्सर उडला असन. वाईट झालं. तुम्ही असं करा, तो माह्याकडे पाठवून द्या. आठवण म्हणून ठेवीन."

"अहो नाही, चालू झाला तो! उलटा करून पाहिला ना मी. बायाइची टिकली निघाली खालून." अनंतरावाचा आवाज एकदम बारीक झाला. "फोन त्याच्यासाठीच केला. आई विचारून राह्यली, ही टिकली कोणाची? मी सांगतो मले माहीत नाही, तर ते ऐकूनच नाही राह्यली. जेवण टाकून बसली हाये. बाबा तुमच्या बाबाइले फोन लावून राह्यले."

ओट्यावर किसनरावांचा फोन वाजला. दोनदाच "हाव, हाव" झालं. मग ते आत आले, खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली आणि कुणाकडेही न बघता जीपची चावी शोधायला लागले.

"आत्या, ऊठ," निवृत्ती म्हणाला. "अन् टिकल्याचं पाकीट घरीच ठेव!"