कामकरी बालकांची तात्पुरती टंचाई

आमच्या संस्थेच्या सेवा-सहलींना गेल्या सात वर्षांत कधी अडचण आली नव्हती, ती या वर्षी आली. तुमच्याकडच्या चांगल्या शाळांमधली सोळा-सतरा वर्षांची मुलं दर सुट्टीत परदेशात, म्हणजे आमच्याकडे, दोन आठवड्यांसाठी येतात, कामकरी बालकांची सेवा करतात आणि तसं प्रमाणपत्र घेऊन परत जातात. हे प्रमाणपत्र नसेल तर तिकडची मोठी विद्यापीठं हल्ली दारातसुद्धा उभं करत नाहीत म्हणे. नियम सोपा आहे. प्रत्येक स्वयंसेवकाने एका कामकरी बालकासोबत चाळीस तास घालवायचे. एक बालक दोघांत चालत नाही आणि एकोणचाळीस तासही चालत नाहीत.

मी या संस्थेचा स्थानिक समन्वयक. विमानतळावर पाटी धरून उभं राहायचं, दुभाष्याचं काम करायचं, पोट बिघडलेल्याला डॉक्टरकडे न्यायचं आणि बालकं पुरवायची, हे माझ्या कामाचं स्वरूप. बालकं मिळायची ती बाजारामागच्या बुटांच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना लागून बाकं, बाकांवर चिकटवायच्या सोल्यूशनचे डबे, आणि डब्यांमागे दहा ते तेरा वर्षांची मुलं ब्रशने बुटांच्या तळव्यांना सोल्यूशन लावत बसलेली. फोटोच्या दृष्टीने उजेडही बरा यायचा.

घात केला तो गेल्या वर्षीच्या अहवालाने. प्रत्येक तुकडी जाताना अहवाल लिहिते आणि त्याच्या शेवटी शिफारस करते, की या मुलांना शाळेत घालावं. ही शिफारस दर वर्षी असते आणि दर वर्षी ती फायलीला लावली जाते. गेल्या वर्षी मात्र आमच्या नव्या टंकलेखकाने ती चुकून शिक्षण खात्याला पाठवली. तिथल्या एका अधिकाऱ्याने ती चुकून वाचली. आठ महिन्यांत कारखान्यातली सगळी मुलं शाळेत गेली. चौकशीअंती टंकलेखकाला समज देण्यात आली, पण व्हायचं ते नुकसान होऊन बसलं होतं.

मला हे कळलं तेव्हा नवी तुकडी यायला चार दिवस होते. कारखान्यात पाऊल टाकतो तर बाकांवर थोराड बाप्ये आणि बाया.

"पोरं कुठायत?" मी मालकाला विचारलं.

"शाळेत."

"कधी येतील?"

"येतील कशाला? शिकतायत की." मालक चक्क खूश दिसत होता. "खात्याचा साहेब येऊन दम देऊन गेला. म्हटलं, बरं झालं. डोक्याची एक कटकट गेली."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बारा मुलं विमानाची तिकिटं काढून बसलेली, आणि आमच्याकडे एक बालक शिल्लक नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी तसाच शाळेत गेलो आणि मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर पत्र ठेवलं. बारा विद्यार्थ्यांना दोन आठवड्यांच्या प्रतिनियुक्तीवर कारखान्यात पाठवावं, अशी त्यात नम्र विनंती होती.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे शाळेतली मुलं कामावर पाठवू?"

"तात्पुरती."

"आणि कशासाठी?"

"त्यांना कामावरून शाळेत आणण्याचा उपक्रम आहे. त्यासाठी."

बाईंनी हजेरीपट पुढे ओढला. शाळेच्या स्वच्छतागृहाला दार नव्हतं आणि आमच्या संस्थेकडे दार होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी त्यांनी बारा नावं लिहून दिली. पूर्वी कारखान्यात असलेलीच मुलं निवडली, कारण अनुभवी उमेदवारांना प्राधान्य देण्याची पद्धत सगळीकडेच आहे.

त्या बारांत एक होती खडू. हे नाव तिला कारखान्यातल्या बायांनी दिलेलं, कारण तळव्यांवर खडूने मापांचे आकडे घालायचं काम तिचं. सहा, सात, आठ, डावा, उजवा, कधी चूक नाही. वय बारा वर्षं अकरा महिने. हा महिन्याचा हिशेब महत्त्वाचा, कारण मुलींच्या सरकारी निवासी शाळेची प्रवेश परीक्षा तेरा पूर्ण होईपर्यंतच देता येते. परीक्षा दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी, सकाळी दहा ते बारा होती. पुढच्या वर्षी तिचं वय उलटणार होतं.

"काका, माझा गुरुवार," ती पहिल्याच दिवशी म्हणाली.

"बघू," मी म्हणालो. समन्वयकाला हा शब्द फार उपयोगी पडतो.

खडूच्या वाट्याला आलेली स्वयंसेविका चष्मेवाली होती. मनाने खरंच चांगली पोर. एक ते दहा आकड्यांची रंगीत कार्डं तिने स्वतः कापून आणली होती. सुरुवातीला बालकाची पूर्वचाचणी घ्यायची असते. खडूने सगळी बेरीज-वजाबाकी सोडवली आणि वर कागदाच्या मागे एक अपूर्णांकाचं गणित स्वतःच घालून तेही सोडवलं. तुकडीसोबत आलेल्या शिक्षिका पेपर बघून गंभीर झाल्या. "ही इथेच दहापैकी दहा आहे. मग दोन आठवड्यांत प्रगती दाखवायची कुठे?"

पेपर रद्द झाला. मी खडूला बाजूला घेतलं. "हे बघ बाळ, जरा कमी लिही."

"किती कमी?"

"आठ चुकव."

"कुठली आठ, काका?"

मी आठ गणितांवर खुणा करून दिल्या. तिने ती इतक्या नीटसपणे चुकवली, की मला तिचं कौतुक वाटलं.

मग रोज नऊ ते एक सेवा सुरू झाली. सोल्यूशनच्या वासाने चष्मेवालीचं डोकं दुखायचं, म्हणून तिला दारापाशी वाऱ्याला खुर्ची दिली. नियमाप्रमाणे दहा पावलांच्या आत बसलं तरी ती सोबत धरली जाते. तिथून ती कार्ड उंच धरायची, आणि खडू मान वर न करता सांगायची, "चार." बोटांवर वाळलेल्या सोल्यूशनची सालं नखाने काढत काढत ती मांडीवरच्या पुस्तकातले अपूर्णांक वाचायची. मालकाने हे पाहिलं, पण चालू दिलं. पोरांचा हात अजून मोठ्यांपेक्षा चपळ चालतो, हे त्याच्या नव्याने लक्षात यायला लागलं होतं.

बुधवारी खडूने मला बाकापाशी थांबवलं. "काका, ताईला विचारा. उद्या दोन तास सोडेल का मला?"

मी शब्दन् शब्द तसाच सांगितला. खोटा अनुवाद मी कधी केलेला नाही. चष्मेवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती लगेच शिक्षिकांकडे धावली आणि मी मागोमाग गेलो.

"दोन तास गेले तर तुझे अडतीस होतात," शिक्षिका म्हणाल्या.

"मग दुपारी दोन तास जास्त बसते."

"दिवसाला चारच्या वर नाही. बालकावर ताण येऊ नये म्हणून नियम आहे तो."

"मीच तिच्यासोबत परीक्षेला गेले तर? सोबत ती सोबतच ना?"

शिक्षिकांनी नियमावली काढली आणि व्याख्या वाचून दाखवली. परीक्षेला बसलेलं बालक त्या वेळेपुरतं कामकरी राहत नाही.

तेवढ्यात खडूची आई आली. ती पलीकडच्या बाकावर टाचा ठोकते. "साहेब, पोरीला जाऊ द्या. दोन तास मी बसते की तिच्या जागी. ताई मला शिकवतील, मी शिकेन."

आईचं वय अटीत बसत नव्हतं. मी तसं सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी घड्याळाकडे. मला लाज वाटली, हे इथे नमूद करतो.

निर्णय शेवटी चष्मेवालीवर आला. शिक्षिका म्हणाल्या, "तुझं भविष्य आहे, तूच ठरव." ती रात्रभर रडली असं तिच्या खोलीतल्या मुलींनी सांगितलं. गुरुवारी सकाळी नऊला ती खुर्चीवर हजर होती. खडूला तिने घट्ट मिठी मारली, स्वतःचं घड्याळ काढून तिच्या मनगटावर बांधलं आणि मला म्हणाली, "तिला सांगा, मी तिला आयुष्यभर विसरणार नाही." मी सांगितलं. खडूने घड्याळात पाहिलं. बारा वाजेपर्यंत ती दर थोड्या वेळाने पाहत होती आणि आकडे घालत होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिचे डावे-उजवे चुकले.

शुक्रवारी उत्तरचाचणी झाली. खडूला दहापैकी दहा. तुकडीतली सर्वांत मोठी प्रगती म्हणून तिचा उल्लेख झाला.

पुढचं थोडक्यात सांगतो. सलग दहा दिवस गैरहजर राहिल्यामुळे बाराही नावं शाळेच्या पटावरून कमी झाली. प्रतिनियुक्तीची तरतूद पटाच्या नियमांत नाही, हे मुख्याध्यापिका बाईंना उशिरा समजलं. त्यांनी आम्हाला खेदाचं पत्र पाठवलं आणि दाराबद्दल आभारही मानले. मालकाने बाराही जणांना ठेवून घेतलं. खात्याचा तो साहेब पुन्हा फिरकला नाही. टंचाई दूर झाली.

चष्मेवालीने विद्यापीठासाठी निबंध लिहिला. परीक्षेच्या दिवशी कामावर बसलेल्या एका मुलीबद्दल. निबंध अप्रतिम आहे, मी स्वतः वाचून रडलो. तिला प्रवेश मिळाला. मग तो तुमच्या वर्तमानपत्रात छापून आला, तुम्ही तो वाचलात, कापून ठेवलात, रविवारी मुलांना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवलात. तुमच्यापैकी पुष्कळांनी पत्रं पाठवली. मी सगळी उघडली. पाकिटांत प्रवेशअर्ज होते, पुढच्या सुट्टीच्या सहलीचे. 'विशेष विनंती' या रकान्यात पूर्वी लोक तिखट चालत नाही असं लिहायचे. यंदा बहुतेकांनी लिहिलं आहे, शक्यतो निबंधातलीच मुलगी मिळावी.

एका आईने तर फोन केला. आवाज काळजीचा होता.

"ती मुलगी आहे ना हो अजून कामावर? नाहीतर आम्ही तिकिटं काढायचो आणि ती मध्येच कुठे शाळेत वगैरे..."

"नाही. आता नाही जायची ती."

"नक्की?"

"वय उलटलं तिचं."

"हुश्श," बाई म्हणाल्या, आणि मुलाच्या नावाचं स्पेलिंग सांगायला लागल्या.