कंपनीचा हेतू आणि माझं डोकं

सिनेमाचं नुसतं पोस्टर बघून कंपनीच्या पोटात काय शिजतंय ते मी सांगू शकतो! म्हणूनच आमच्या मुलुंडच्या मंडळाने व्याख्यानमालेतल्या परिसंवादाला मला बोलावलं, तेव्हा मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. एवढी वर्षं पहिल्या रांगेत बसून इतरांची भाषणं सोसली. आता त्यांची पाळी होती.

विषय होता, 'रिमेकमधली नवी पात्रं : कळवळा की धंदा?' एका जुन्या कौटुंबिक सिनेमाचा रिमेक येतोय. जुन्यात घरातली झाडून सगळी माणसं एकाच नाकाची. नव्यात थोरली सून कोळीण, धाकटी मणिपूरची, जावई गुजराती! मी अर्थातच 'धंदा'च्या बाजूने.

मंडळाचा सेक्रेटरी श्रेयस फोटो काढायला घरी आला.

"काका, जरा मान खाली घाला ना. विचारमग्न!"

मी विचारमग्न झालो.

"अजून थोडी खाली. झकास! आणि उद्या टोपी नको हां."

"अरे, टोपीशिवाय मी दूध आणायलासुद्धा जात नाही!"

"स्पॉन्सरची खास विनंती आहे, काका. तुम्हाला मधली खुर्ची दिलीय. बरोबर लाइटखाली."

क्षमाने, म्हणजे आमच्या हिने, स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, स्पॉन्सर कोण आहे?"

"असेल कुणीतरी रसिक!" मी म्हणालो. बायकांना नको तिथे शंका फार.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला. माझ्या एका बाजूला बी विंगमधला धवल शहा, दुसऱ्या बाजूला मनोरीची जया. रिमेकमधली ती कोळीण सून हीच. मी बोलायला उभा राहिलो आणि त्याच क्षणी श्रेयसने माझ्या मागचा बॅनर उलगडला.

"मित्रहो," मी गरजलो, "या कंपनीला कोळणीचा पुळका नाही! तिला हवीत कोळीवाड्यातली तिकिटं!"

हशा! पहिल्याच वाक्याला!

"माणूस म्हणून कुणालाच निवडत नाहीत हो! ही एक, तो एक, झाला डबा भरून!"

लोक पोट धरून हसायला लागले. धवलने तोंडावर रुमाल धरला. मी तर गंभीर बोलत होतो, पण विनोद अंगातच असला तर माणूस काय करणार? एकटी क्षमा कपाळाला हात लावून बसली होती आणि बोटाने 'मागे, मागे' अशा खुणा करत होती. मला वाटलं, माईक तोंडापासून मागे घ्या म्हणतेय. घेतला.

मग मी जयाकडे वळलो. "जयाताई, राग मानू नका, पण तुमचा चक्क वापर होतोय!"

"होतोय ना, काका," ती म्हणाली. "आधी पण होत होता. गोरेगावच्या स्टुडिओत इतकी वर्षं डोक्यावर टोपली घेऊन हिरोइनच्या मागून चालले. एक शब्द बोलू दिला नाय. आता कंपनीच्या मनात काय पण असू दे, मला बोलायला मिळालं. पण तुमचा वापर कशाला होतोय, ते बघितलंत काय? जरा मागे वळा ना."

वळलो. केशतेलाची जाहिरात! डावीकडे मी, विचारमग्न, टक्कल परातीएवढं. खाली लिहिलेलं, 'आधी'. उजवीकडे रिकामी चौकट. खाली, 'नंतर... लवकरच!'

"श्रेयस!!"

"काका, सॉरी ना! स्पॉन्सरची अट होती. एक बाई हवी, एक गुजराती हवा आणि एक..."

"एक काय?"

"एक अनुभवी."

मी खुर्ची मागे ढकलली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात एकदा स्टेज मिळालं, तेही टकलामुळे! जयाने माझी बाही धरली.

"कुठे चाललात? हेतू त्यांचा. माईक तर तुमच्या हातात हाय ना? मी नाय सोडला."

मग मीही नाही सोडला. कंपनीला, स्पॉन्सरला, श्रेयसला, सगळ्यांना असं सोलून काढलं की वॉचमनने पंखे बंद केले तरी थांबलो नाही. एकही माणूस उठून गेला नाही. शेवटी तेलाची बाटली फुकट मिळणार होती, हे मला नंतर कळलं.

माझी बाटली मी गटारात फेकून दिली, असं क्षमाला ठणकावून सांगितलंय. तत्त्व म्हणजे तत्त्व! ती फक्त "बरं" म्हणाली. हल्ली माझ्या उशीचा अभ्रा मात्र ती रोज बदलते.

पण तुम्ही जरा इकडे, कानामागे हात लावून बघा. काहीतरी उगवल्यासारखं वाटतंय की नाही?